दगड काय सांगतो आणि काय सांगत नाहीं

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीं भूविज्ञान किंवा पर्यावरणशास्त्र हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याची घरांत जी संभावना होते, ती फारशी सन्मानाची नसते. गणित जमलें नाहीं, वैद्यकीला गुण पुरले नाहींत, म्हणून हा दगडमातीचा विषय पत्करला, अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत असते. ज्यांना तो सक्तीचा म्हणून घ्यावा लागतो, त्यांचें मत तर याहूनहि वाईट असतें. कांहीं व्याख्या पाठ कराव्या, ओझोनच्या थराची आकृति काढावी, प्रदूषणाचे प्रकार क्रमानें लिहावे आणि उत्तीर्ण व्हावें, एवढाच या विषयाचा व्याप, असें पुष्कळांस वाटतें. यांत सर्व दोष विद्यार्थ्यांचा आहे असें म्हणतां येणार नाहीं. विषय ज्या रीतीनें शिकविला जातो, त्या रीतीचाहि त्यांत मोठा वांटा आहे.

चांगल्या वर्गांत आरंभ कसा होतो हें पाहण्यासारखें असतें. महाविद्यालय पुण्यामुंबईच्या बाजूचें असेल, तर पहिल्याच तासाला प्रत्येक बाकावर एकेक काळा दगड येतो. विद्यार्थ्यानें तो हातांत घ्यावा आणि जें दिसेल तें वहींत लिहावें, इतकीच सूचना असते. निम्मा वर्ग ताबडतोब ‘बेसाल्ट’ असें लिहून मोकळा होतो. शाळेच्या भूगोलांतून हा शब्द सर्वांच्या कानांवरून गेलेला असतो. शिक्षक त्या शब्दावर काट मारतात. बेसाल्ट हें दिसत नाहीं, तें अनुमान आहे. दिसतें तें इतकेंच, कीं दगड काळसर आहे, आकाराच्या मानानें जड आहे, त्याचे कण नुसत्या डोळ्यांना वेगळे ओळखूं येत नाहींत आणि एका कोपऱ्यांत वाटाण्याएवढी पोकळी असून तींत पांढरे चकचकीत स्फटिक बसले आहेत.

हें सर्व लिहून झाल्यावर मग प्रश्नांना आरंभ होतो. कण इतके बारीक कां? वितळलेला शिलारस भूगर्भांत सावकाश निवत गेला, म्हणजे स्फटिकांना वाढावयास अवधि मिळतो व ते मोठे होतात. ग्रॅनाइटमध्यें असे मोठे कण सहज दिसतात. येथें तो अवधि मिळालेला नाहीं, म्हणजे हा रस पृष्ठभागावर येऊन लवकर गोठला. पोकळी कशाची? रसांत कोंडून राहिलेल्या वायूच्या बुडबुड्याची. आणि ते पांढरे स्फटिक? ते मागाहून आले. खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यानें आणलेलीं द्रव्यें त्या रिकाम्या जागीं सांचलीं आणि त्यांचे स्फटिक बनले. अशा पोकळ्यांत बहुधा झिओलाइट जातीचीं खनिजें सांपडतात. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतून मिळणारें कॅव्हन्साइट नांवाचें गर्द निळें खनिज तर जगांतील संग्राहक शोधीत असतात. इकडे त्याच खाणींतील दगड खडी म्हणून शहराच्या बांधकामांत जात आला आहे. असो. पहिल्या तासाला विद्यार्थ्यानें मिळविलेलें ज्ञान मोजकेंच असतें, परंतु तें मिळविण्याचा क्रम त्याच्या ध्यानांत येतो. आधीं पाहणें, मग कारण शोधणें, आणि नांव सर्वांच्या शेवटीं.

हा क्रम शिकविण्याला या देशांत आरंभीं मोठी अडचण होती, ती पुस्तकांची. क्रमिक पुस्तकें विलायतेंत लिहिलेलीं, उदाहरणें तिकडचीं, आणि चित्रांत इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे पांढऱ्या खडूचे कडे. ज्याच्या गांवाभोंवतीं काळ्या कातळाशिवाय दुसरें कांहीं नाहीं, त्याला तीं चित्रें पाहून काय बोध व्हावा! मूळचे सुरतेचे दाराशा नोशेरवां वाडिया हे 1907 सालीं जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयांत अध्यापक झाले. सुटी मिळाली कीं हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर पालथे घालावे, असा त्यांचा क्रम असे. 1919 सालीं त्यांनीं भारताच्या भूविज्ञानावर विद्यार्थ्यांसाठीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पुढें कितीतरी आवृत्त्या निघाल्या. इकडच्या विद्यार्थ्याला इकडचे डोंगर दाखविणारें पुस्तक त्यामुळें प्रथमच हातीं आलें. पुस्तक आलें; परंतु पुस्तकांतला डोंगर तो शेवटीं पुस्तकांतलाच. म्हणून या विषयाचा दुसरा पाठ वर्गाबाहेर द्यावा लागतो.

तो पाठ सह्याद्रीच्या एखाद्या घाटरस्त्यावर उत्तम होतो. सिंहगडाच्या दिशेनें दुरून पाहिलें, कीं डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. उभा कडा, मग थोडा उतार, पुन्हां कडा, पुन्हां उतार. युरोपांतील शास्त्रज्ञांनीं या खडकाला ‘ट्रॅप’ हें नांव दिलें, तें पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. यांतील प्रत्येक पायरी म्हणजे स्थूल मानानें लाव्ह्याचा एक लोट. लोटाचा जो भाग घट्ट, एकजीव असतो त्याचा कडा राहतो. जो बुडबुड्यांनीं भरलेला व पोचट असतो तो झिजून उतार बनतो. महाराष्ट्राच्या भूमीपैकीं शेंकडा 80 हून अधिक भाग अशा लोटांनीं झांकलेला आहे. पश्चिमेकडे त्यांची एकंदर जाडी 2 किलोमीटरच्या घरांत जाते, आणि पूर्वेकडे विदर्भाच्या बाजूला ती कमी कमी होत जाते.

रस्त्यासाठीं डोंगर कापलेला असतो, त्या कडेला विद्यार्थ्यांस उभें केलें म्हणजे दोन काळ्या थरांच्या मध्यें विटेच्या रंगाचा एक तांबडा पट्टा कोठेंकोठें दिसतो. तो कांहीं ठिकाणीं वीतभर, तर कांहीं ठिकाणीं पुरुषभर जाड असतो. गाडींतून घाट चढणाऱ्या हजारों लोकांनीं तो पाहिलेला असतो आणि कोणीं तो पाहिलेला नसतो. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यें जो काळ गेला, त्या काळांत ऊनपावसानें खालच्या लोटाचा पृष्ठभाग कुजून त्याची माती झाली. वरून उतूं आलेल्या रसानें ती झांकली. म्हणजे तो पट्टा हें एका विश्रांतीचें चिन्ह आहे. मुंबईंत वरळीच्या टेकडीजवळ अशाच दोन लोटांच्या दरम्यान सांचलेल्या गाळांत लहान लहान बेडकांचे जीवाश्म 19 व्या शतकांत सांपडले. अग्निप्रलयाच्या दोन अंकांमध्यें तेथें पाणथळ जागा होती व तींत बेडूक डराँव डराँव करीत होते, ही गोष्ट कोणत्याहि पुराणकथेइतकीच चमत्कारिक आहे, फरक इतकाच कीं तिचा पुरावा हातांत घेतां येतो.

हें केव्हां घडलें, असें विचारलें कीं 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वींच्या सुमारास, असें उत्तर येतें आणि विद्यार्थी तें निमूटपणें उतरून घेतो. एवढ्या आंकड्याचा मनाला कांहींच अर्थ होत नाहीं. त्याला मापांत आणावें लागतें. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर, असें धरलें तर 80 वर्षांचें मनुष्याचें आयुष्य आठ सेंटिमीटर, म्हणजे बोटाएवढें होतें. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक 1674 सालचा; तो सुमारें पस्तीस सेंटिमीटरांवर, म्हणजे शाळकरी पट्टीच्या थोडा पलीकडे पडतो. आणि सह्याद्रीचा लाव्हा? तो 66 किलोमीटरांवर. पुण्याच्या स्टेशनावर पट्टी ठेवली, तर तिचें दुसरें टोंक लोणावळ्याच्याहि किंचित् पुढें जाईल. बहुतेक सर्व लोट दहा लक्ष वर्षांच्या आंत बाहेर पडले असावे असा अलीकडील मापनांचा कल आहे. या प्रमाणांत तें अंतर एक किलोमीटर. एवढें गणित करतांच पुढचे तास विद्यार्थी जरा सावरून बसतो.

येथपर्यंतचा भाग मनोरंजक आहे, पण या विषयांत लाभहानीचा प्रश्न कोठें येतो, तर पाण्याच्या ठिकाणीं. जमिनीखालीं नद्या वाहतात, पुरेसें खोल गेलें कीं पाणी लागतेंच, अशी समजूत गांवोगांव आहे आणि शहरांतील सुशिक्षित घरांतहि ती कमी नाहीं. तळहातावर नारळ उभा राहिला किंवा दुबेळक्याची काठी वांकली, कीं पाणाड्या सांगेल त्या जागीं हजारों रुपये जमिनींत जातात. काळ्या कातळाच्या प्रदेशांत वस्तुस्थिति अशी आहे, कीं घट्ट, एकजीव बेसाल्टमध्यें पाणी सांठावयास जागाच नसते. पाणी असतें तें वरच्या मुरमाड, कुजलेल्या थरांत, सच्छिद्र भागांत आणि चिरा, भेगा, सांधे यांत. सच्छिद्र भागहि प्रत्येक वेळीं उपयोगी पडतो असें नाहीं. त्याचे बुडबुडे एकमेकांस जोडलेले नसले, किंवा पांढऱ्या खनिजांनीं भरून गेले असले, तर तोहि कोरडाच. पहिल्या तासाला हातांत आलेल्या दगडाच्या कोपऱ्यांतील ती वाटाण्याएवढी पोकळी अशा रीतीनें एखाद्या कुटुंबाच्या पाण्याशीं येऊन भिडते.

यामुळेंच एका वाड्याच्या विहिरीला मे महिन्यांतहि पाणी असतें आणि शंभर पावलांवर दुसऱ्या विहिरींत खडखडाट असतो. दैवाला बोल लावण्याचें त्यांत कारण नाहीं. खालची भेग त्या बाजूनें गेलेली नसते, एवढेंच. भेगा जसजसें खोल जावें तसतशा सामान्यतः मिटत जातात, म्हणून अधिक खोल विंधनविहिरीला अधिक पाणी हा हिशेबहि येथें नेहमीं जुळत नाहीं. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रांत विंधनविहिरी पसरल्या, त्या काळीं त्यांनीं पुष्कळ गांवें तारलीं यांत शंका नाहीं. परंतु एकाच भेगेवर चार जणांनीं नळ्या उतरविल्या, म्हणजे चौघांचें पाणी चौपट होत नाहीं. तें एकच पाणी चौघांत वांटलें जातें आणि ज्याची नळी सर्वांत खोल त्याच्याकडे जातें. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या गृहसंस्थेची विंधनविहीर शेजारच्या नव्या इमारतीनें विहीर घेतल्यावर आटली असेल, त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याचा हिशेब करतां येतो, आणि तोच त्याचा खरा गृहपाठ. एक हेक्टर जमिनीवर वर्षांत 700 मिलिमीटर पाऊस पडला, तर तें पाणी 7,000 घनमीटर, म्हणजे 70 लक्ष लिटर होतें. पुण्याच्या आसपास साधारण एवढा पाऊस धरावयास हरकत नाहीं. त्यांतलें कांहीं वाहून जातें, कांहीं बाष्प होऊन उडतें. खडकांत मुरणारा वांटा बहुधा दहांशाच्या आसपास असतो, आणि जागा फरसबंदीनें झांकली असेल तर तोहि नाहीं. मग टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या आठदहा विहिरी निवडावयाच्या. मे अखेरीस एकदां आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरांत एकदां, वजन बांधलेली फीत सोडून प्रत्येकीच्या पाण्याची पातळी मोजावयाची, आणि नकाशावर सारख्या पातळीचीं ठिकाणें रेघेनें जोडावयाचीं. पाणी कोणत्या बाजूला सरकतें तें त्या रेघांवरून उमगतें. या कामाला यंत्र लागत नाहीं. फीत, वही आणि पेन्सिल पुरे. लेखणी मात्र नको, कारण पावसांत शाई पसरते.

हें सर्व लिहितांना एका गोष्टीकडे डोळेझांक करतां येत नाहीं. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा पाठ मिळावा, ही गोष्ट भारतांत न्यायालयाच्या आज्ञेनें घडली. वकील एम्. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें 22 नोव्हेंबर 1991 रोजीं निर्णय दिला. परंतु त्याची अंमलबजावणी रेंगाळली, आणि 2004 च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम निघाला. त्याचें क्रमिक पुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनीं लिहिलें. त्या अभ्यासक्रमांत एकंदर 50 तास होते, आणि प्रत्यक्ष बाहेर जाऊन पाहण्यासाठीं त्यांपैकीं 5. गुण मात्र 100 पैकीं 25 त्या पाहण्याला दिलेले होते. आंखणी करणाऱ्यांच्या मनांत पाहण्याची किंमत किती होती हें त्या पंचवीस गुणांवरून कळतें. व्यवहारांत पुष्कळ ठिकाणीं काय झालें तें त्या काळांतल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. तयार प्रकल्पवही विकत आणावयाची, पहिल्या पानावर आपलें नांव घालावयाचें, आणि न पाहिलेल्या नदीचें वर्णन देऊन पंचवीसांपैकीं तेवीस गुण घ्यावयाचे. पुढें अभ्यासक्रम बदलले, तासांची विभागणी बदलली. न पाहतां लिहिण्याची ही सोय मात्र कोणत्याहि बदलानें आपोआप जाणारी नाहीं.

या सोयीची किंमत काय पडते, हें डोंगरउतारांवर समजतें. 30 जुलै 2014 च्या सकाळीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा भाग कोसळला आणि 151 माणसें गेलीं. नेहमींच्या फेरीला आलेल्या एस्. टी.च्या चालकाला गांवाच्या जागीं चिखल दिसला, आणि त्याच्यामुळें ही वार्ता बाहेर पोंचली. त्यानंतर 22 जुलै 2021 रोजीं महाडजवळ तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्रीं खालापूरकडे इर्शाळवाडी, या वस्त्यांवर तोच प्रसंग आला. घट्ट कातळावर कुजलेल्या मुरमाचा आणि मातीचा जाड थर तिरपा बसलेला असतो. सतत पावसानें तो पाणी पिऊन जड होतो; आंत कोंडलेल्या पाण्याचा दाब कणांची एकमेकांवरील पकड सोडवितो; आणि उतार पुरेसा उभा असला म्हणजे थरचा थर घसरून खालीं येतो. अमुक दिवशीं अमुक डोंगर पडेल असें कोणताहि शास्त्रज्ञ सांगूं शकत नाहीं. परंतु उताराच्या माथ्याजवळ नवी आडवी भेग पडली आहे, झाडें व खांब एका बाजूला कलले आहेत, नितळ झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें आहे किंवा जेथें झरा नव्हता तेथें फुटला आहे, हीं लक्षणें पाहणें व तीं कोणालातरी कळविणें यासाठीं शास्त्रज्ञच असावें लागत नाहीं. दगड पाहून आधीं वर्णन लिहावयास शिकलेला पहिल्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी तेवढें करूं शकते.

पाहण्याची संवय लागली कीं तिच्याबरोबर दुसरी एक संवय लावावी लागते, ती संशयाची. द्वीपकल्पाची भूमि ही जुनी, स्थिर, भूकंपांपासून बहुतांशीं मुक्त, असें पुस्तकांत एके काळीं निर्धास्तपणें छापलेलें असे. 11 डिसेंबर 1967 रोजीं कोयनानगरला भूकंप झाला व सुमारें 180 माणसें दगावलीं. धरणाच्या जलाशयांत पाणी भरूं लागल्यापासून त्या भागांत धक्के जाणवूं लागले होते, आणि जलाशय व भूकंप यांच्या संबंधाचें कोयना हें जगभर शिकविलें जाणारें उदाहरण होऊन बसलें. तरीहि तो अपवाद मानण्याकडे कल राहिला. पुढें 1993 सालीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, 30 सप्टेंबरच्या पहाटें किल्लारी परिसर हादरला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचें जड माळवद, अशा घरांखालीं हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. ज्या भूमीला पुस्तकानें स्थिर म्हटलें होतें, तिची ही गोष्ट वर्गांत सांगतांना शिक्षकाला पुस्तकाचीच चूक दाखवावी लागते. ती दाखवितांना जो शिक्षक अवघडतो, त्यानें हा विषय शिकवूं नये.

म्हणून प्रथम वर्षाच्या परीक्षेंत लोणारच्या सरोवरावर एक प्रश्न घालण्याची चांगल्या शिक्षकांची आवड समजण्यासारखी आहे. सुमारें 1.8 किलोमीटर व्यासाचें हें विवर अवकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या कातळांत पडलेलें आहे, याविषयीं आतां वाद राहिलेला नाहीं. त्याच्या वयाविषयीं आहे. आघातानें तापलेल्या कणांत सांठलेली प्रकाशऊर्जा मोजून एका पद्धतीनें तें सुमारें 50,000 वर्षें येतें. वितळून गोठलेल्या खडकांतील आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून दुसऱ्या पद्धतीनें तें सुमारें 5,70,000 वर्षें येतें. उत्तरपत्रिकेंत एकच आंकडा ठामपणें लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला अर्धे गुण मिळतात. दोन्ही आंकडे देऊन, प्रत्येक कसा मोजला तें सांगून, शेवटीं प्रश्नचिन्ह ठेवणाऱ्याला पूर्ण.